चांगलंच प्रेम

माझ्या फ्रेंचमुळे आमच्या घरात एक रात्र आणि अर्धा दिवस कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं. हे मी अभिमानानं सांगत नाही. पण ज्या भाषेत मला आजही प्यायला पाणी मागता येणार नाही, तिनं माझ्याकडून एवढी मोठी उलथापालथ करून घ्यावी, याचं नवल अजून वाटतं.

मुळात मला फ्रेंच शिकायचंच नव्हतं. शिकायचं होतं माझ्या धाकट्या बहिणीला. ती एम.एस्सी. होऊन हैद्राबादबाहेरच्या एका औषध कारखान्यात लागली होती. परवान्यांची आणि कोट्यांची भानगड नुकतीच सैल झाली होती. कालपर्यंत एक सुटा भाग मागवायचा तर दिल्लीला अर्ज करून वर्षभर वाट बघायची, आणि आता अख्खी यंत्रं परदेशातून लाकडी पेट्यांत बसून यायला लागली होती. तिच्या कारखान्यात गोळ्या पट्टीत भरायचं यंत्र फ्रान्सहून आलं. ते लावून द्यायला मागोमाग एक फ्रेंच इंजिनिअर आला आणि चार महिने राहिला. मॅनेजरनं बहिणीला सांगितलं, भाषा शिका, पुढच्या वर्षी सहा महिने तिकडे पाठवतो, यंत्र नीट समजून घेऊन या.

क्लास नारायणगुड्यात होता, एका शाळेच्या खोलीत, संध्याकाळी. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, अट घातली.

"पोरगी एकटी जायची नाही. हा जाईल संगं."

"हा" म्हणजे मी. वय तेहेतीस, लग्न झालेला, एका सेल्स टॅक्सच्या वकिलाकडे कारकून. माझी संध्याकाळ कशी जाते याची कुणाला पंचाईत नव्हती, त्यामुळे ती परस्पर वाटून टाकायला काहीच हरकत नव्हती. नुसतं बाहेर उभं राहायचं तर बरं दिसत नाही, म्हणून मीही नाव घातलं. सातवीच्या पोरांच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन, मी वर्षभर सगळ्यांत मागे बसलो. बहीण पहिल्या बाकावर. ती प्रश्न विचारायची, मी घड्याळ बघायचो.

मॅडम पाँडिचेरीच्या, साठीच्या पुढच्या. आम्ही त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचो, त्या आम्हाला फ्रेंचमध्ये रागवायच्या. एकदा त्यांनी लाडाचे शब्द शिकवले. फ्रेंच नवरा बायकोला प्रेमानं 'मों शू' म्हणतो. शू म्हणजे कोबी. माझा कोबी! मला हे फार आवडलं. घरी येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी बायकोला जरा घोगऱ्या आवाजात म्हणालो, "मों शू."

ती पुण्याची. पोळी लाटता लाटता म्हणाली, "मग जा ना. मला काय सांगताय? दिवा लावून ठेवलाय तिकडचा."

त्यानंतर घरात मी फ्रेंच मोठ्यानं बोलणं सोडलं. पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला, म्हणून हे सांगितलं. नाहीतर स्वतःची शोभा करून घ्यायची मला एवढी हौस नाही.

आता अण्णांबद्दल. त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतनं झालेलं. पुढे जन्मभर कोर्टात तर्जुमा केला, म्हणजे अर्ज, साक्षी, निकाल या भाषेतून त्या भाषेत उतरवले. रिटायर झाले तरी घरात येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या नजरेखालून जायचा. माझ्या बायकोनं लग्नाआधी मला लिहिलेली तीन पत्रं मी अण्णांच्या नंतर वाचलेली आहेत. दुसऱ्या पत्राच्या समासात पेन्सिलीनं 'अक्षर उत्तम' असा शेराही होता.

तर एका शनिवारी दुपारी पोस्टमननं लाल-निळ्या कडांचं पाकीट आणून टाकलं. पत्ता बहिणीच्या नावाचा, तिकीट फ्रान्सचं. इंजिनिअर परत गेल्याला आठ महिने झाले होते. मी ऑफिसातनं आलो तेव्हा नल्लकुंट्याच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत सगळे बसले होते. अण्णा खुर्चीत, आई पलंगाच्या कडेला, बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. बहीण कारखान्यातनं नुकतीच आलेली, खांद्याची पर्ससुद्धा न काढता भिंतीपाशी उभी. पाकीट फोडलेलं होतं.

"ये. बैस. वाच," अण्णा म्हणाले.

"माझं पत्र आहे अण्णा. मी वाचते ना," बहीण म्हणाली.

"तू खामोश राहा. ज्याच्यावर मुकदमा, त्यानंच गवाही द्यायची का? हा वाचेल. वर्षभर गेलाय की तो बी."

त्या माणसाला अण्णांनी एकदा जेवायला बोलावलं होतं. तो मांडी घालून बसला, तिखटानं डोळ्यांत पाणी आलं तरी दोनदा आमटी मागून घेतली, आणि अण्णांच्या उर्दूवर समजल्यासारखी मान डोलावत राहिला. अण्णांना तो फार आवडला होता. त्यामुळेच आता राग दुप्पट होता.

मी कागद हातात घेतला. दोन्ही बाजूंनी लिहिलेला, अक्षर बारीक आणि तिरपं. मोठ्यानं वाचायला लागलो असतो, तर सगळं तिथल्या तिथे संपलं असतं. माझे उच्चार कितीही दिव्य असोत, बहिणीनं ओळ न् ओळ ओळखली असती. पण उंबऱ्यावर बायको बसली होती. मला तो कोबी आठवला आणि मी म्हणालो, "फ्रेंच वाचून कुणाला काय कळणार? मी सरळ मराठीतच सांगतो."

सुरुवात बरी गेली. यंत्र कसं चाललंय, पट्टी अडकते का अजून, हैद्राबादचं ऊन आठवतं, तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. मग एक लांब वाक्य आलं, त्यातलं मला 'पण' सोडून काही कळेना. ते मी "हवापाण्याचं आहे काहीतरी" म्हणून ओलांडलं. आणि त्याच्या पुढे ते होतं.

ज तेम बियां.

'ज तेम' म्हणजे काय, हे क्लासला न गेलेल्यालाही ठाऊक असतं. बियां म्हणजे चांगलं, हे मला पक्कं माहीत होतं. वर्षभरात जे दहा-बारा शब्द पक्के झाले त्यांतला तो एक. चांगलं प्रेम? मराठीत कुणी तसं म्हणत नाही. पण पाऊस चांगलाच पडला, त्याला चांगलंच झापलं, असं आपण म्हणतोच की. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जन्मात पहिल्यांदा मी एका भाषेतनं दुसऱ्या भाषेत काहीतरी अस्सल उतरवत होतो. त्या भरात समोर कोण बसलंय हेही मी विसरलो.

"माझं तुझ्यावर चांगलंच प्रेम आहे," मी वाचलं. "आणि तुला ते माहीत आहे."

कागद मी जरा खाली घेतला.

मग मी वर बघितलं. आईनं तोंडाला पदर लावला होता. अण्णांच्या कपाळाची शीर उठली होती. आणि बहिणीचा चेहरा... ती इतकी सुंदर मला कधी दिसली नव्हती. लहानपणापासून मी तिला 'काळी माऊ' म्हणून चिडवत आलो. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू हे सगळं मीच तिला दिलं होतं.

"पुढं?" अण्णा म्हणाले.

पुढे शेवटची ओळ होती. ज तांब्रास. हा शब्दही मला येत होता, कारण डिक्शनरीत त्याचा अर्थ वाचून मी पटकन पान उलटलं होतं. मिठी मारणे, मुका घेणे. मी कागदाची घडी घातली आणि म्हणालो, "आपला नम्र."

अण्णा उठले. पत्र माझ्या हातातनं घेतलं, कपाटात ठेवलं, किल्ली जानव्याला बांधली.

"सोमवारी फ्रान्सला जायचा कारखान्याचा कागद द्यायचाय ना, बापाच्या सहीचा? त्याच्यावर सही होणार नाही. त्याच्या जागी राजीनामा जाईल. मसुदा मी करून देतो."

बहिणीनं तोवर आयुष्यात अण्णांसमोर आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. पर्स खांद्यावरनं काढून तिनं खुंटीला लावली आणि म्हणाली, "सही करू नका. मी जाणार आहे अण्णा. सहीशिवाय नाही पाठवलं, तर नोकरी सोडून जाईन. पण जाईन."

"अगं बाई, काय बोलतेस तू!" आई म्हणाली.

"हौ. बोलतेय."

त्या संध्याकाळी जेवायला ती आलीच नाही, अण्णा पानावरनं अर्धवट उठले. आमच्या खोलीत बायको मला म्हणाली, "अहो, तुम्हाला खात्री आहे ना?"

"कसली?"

"तो चांगलंच म्हणतोय याची."

"म्हणजे? मी काय मनचं सांगतोय?"

"तसं नाही हो. तुम्ही 'आपला नम्र' म्हणालात तेव्हा तुमचे कान लाल झाले होते."

रविवारी सकाळी अण्णांनी मला बोलावलं. त्यांच्यापुढे कोरे फुलस्केप होते, मध्ये घडी घालून समास पाडलेले.

"लेखी तर्जुमा पाहिजे. लफ्ज-ब-लफ्ज. ते हवापाण्याचं बी. उद्या मला त्या मॅनेजरपुढं ठेवायचाय."

तोंडी एखादं वाक्य ओलांडता येतं, लेखी कसं ओलांडणार? आणि 'आपला नम्र'चं काय? मी म्हणालो, एक-दोन शब्द डिक्शनरीत बघायला लागतील, मित्राकडे जाऊन येतो. अण्णांनी माझ्याकडे कोर्टातल्या साक्षीदाराकडे बघावं तसं बघितलं, मग किल्ली सोडली आणि पत्र काढून दिलं.

"बाराच्या आत."

मी स्कूटर विद्यानगरला मॅडमच्या घरी नेली. त्या गॅलरीत पेपर वाचत होत्या. चष्मा बदलून त्यांनी पत्र वाचलं, एकदा भराभर, मग हळूहळू. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"हे तुम्हाला कसं मिळालं?"

मी सांगितलं. माझा तर्जुमाही सांगितला, इंग्रजीत. त्यांनी कपाळाला हात लावला.

"वर्षभर मी भिंतीला शिकवलं का? ज तेम, एवढंच म्हटलं तर ते प्रेम. तिथे थांबायचं. त्याच्या पुढे बियां लावलं की ते कमी होतं. तू चांगली आहेस, मला आवडतेस, आपण मित्र आहोत. एवढंच!"

"चांगलं लावल्यावर कमी होतं?"

"हो. होतं."

"आणि हे तांब्रास?"

"ते तर मी माझ्या विम्याच्या एजंटलाही लिहीन. पत्राचा शेवट असतो तो."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. म्हणजे काहीच नव्हतं! आता घरी जाऊन सांगायचं, अण्णा सही करतील, सोमवारी कागद जाईल. मी उठलोसुद्धा. मॅडम म्हणाल्या, "बसा. ते लांब वाक्य तुम्ही ओलांडलंत ना, ते ऐका."

त्यांनी सावकाश सांगितलं. तू लिहिलंस त्यानं मी भारावलो, पण जे माझ्याकडे नाही त्याचं वचन तुला देणं लबाडी होईल. आणि मग, तू मला आवडतेस, तुला ते माहीत आहे.

"हा मुलगा नाही म्हणतोय," मॅडम म्हणाल्या. "फार सभ्यपणे म्हणतोय. पण नाहीच आहे ते. तिनं काहीतरी विचारलं असणार."

परतताना मी पहिल्या गिअरमध्येच कितीतरी लांब आलो. मागून हॉर्न वाजत होते. कुणीतरी ओरडलं, "ओ मियाँ, सो गए क्या?" मला बहिणीचा कालचा चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्याच्या जोरावर ती अण्णांसमोर उभी राहिली होती. आणि तो तिला मी दिला होता, एका चुकीच्या 'च'वर.

ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मला बघून हसली.

"काय दादा, कोर्टाचं काम झालं?"

"एक शब्द राहिला होता माझ्याकडून."

"कुठला?"

मी खाली बघितलं. "बियां."

तिच्या हातात अण्णांचं ओलं धोतर होतं. ते तिनं झटकलं नाही.

"कुठे होता?"

"तेमच्या पुढे."

तिला समजवायला लागलं नाही. ती पहिल्या बाकावर बसायची. तिनं धोतर दोरीवर टाकलं, टोकं सारखी केली, दोन्ही बाजूंना चिमटे लावले. मग हात पदराला पुसून पुढे केला. मी पत्र दिलं. जिच्या नावानं आलं होतं तिच्या हातात ते दुसऱ्या दिवशी, घरातल्या सगळ्यांच्या नंतर पडलं. तिनं उभ्यानंच वाचलं. ते लांब वाक्य आलं तिथे तिचे ओठ हलले.

"मॅडमनी पूर्ण वाचलं?"

"हो."

"मग मी काय लिहिलं होतं ते कळलं असेल तुला."

"मला काही कळलं नाही. मला काही कळतं का कधी?"

ती हसली नाही. मी घाईघाईनं म्हणालो, "ते वाक्य मी गाळतो. बियांचं तेवढं नीट लिहितो, आपुलकी म्हणून. अण्णांचा राग जाईल. तू लिहिलेलं कुणाला कळायचं कारणच नाही."

"आपला नम्रसारखं?"

मी दोरीवरचा एक चिमटा सरळ केला.

"तुझ्या तर्जुम्यावर मी काल बापाला नोकरी सोडायच्या गोष्टी सांगितल्या दादा. आता पुन्हा नको. जसं आहे तसं लिही. मी सांगते, तू लिही."

गच्चीच्या कठड्यावर फुलस्केप ठेवून मी लिहिलं. ती एकेक शब्द सांगत होती, आवाज एकदम सपाट, औषधाच्या पट्टीवरचा मजकूर वाचल्यासारखा. बाराला पाच कमी असताना आम्ही खाली आलो.

अण्णांनी तर्जुमा चष्म्याजवळ धरून वाचला. बोट ओळीवरनं सरकत होतं. एका जागी थांबलं.

"काल चांगलंच प्रेम होतं. आज 'तू मला आवडतेस.' असं का?"

"चूक माझी," मी म्हणालो. "बियां लावलं की कमी होतं."

"कसल्या बिया?" आईनं विचारलं.

अण्णांनी हात वर केला, ती थांबली. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं बोलले, "उन्स. मोहब्बत नाही ही. उन्स आहे." मग माझ्याकडे वळून, "लळा. माणसाला माणसाचा लागतो तो. तेवढं बी समजलं नाही का रे तुला? अशानं माणूस फाशी जातो."

मला वाटलं, सुटलो. मी कागदाला हात घातला. पण अण्णांचं बोट मागे गेलं होतं, त्या लांब वाक्यावर. चाळीस वर्षं ज्यानं फायली बघितल्या, त्याला कागदाच्या मागचा कागद दिसतो.

"हा जवाब आहे," ते म्हणाले. "सवाल कुठं आहे?"

काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. बहिणीनं माझ्याकडे न बघता मान हलवली.

"सवाल मी केला होता अण्णा. मीच लिहिलं त्याला, आधी."

"आणि?"

"आणि हे आलं. नाही म्हणून."

आईनं डोळे मिटून घेतले. मी अण्णांच्या हाताकडे बघत होतो. तो हात खुर्चीच्या दांड्यावर होता. लहानपणी त्या हाताची एक थप्पड मी खाल्ली आहे, ती अजून आठवते. बहिणीनं ती कधी खाल्ली नव्हती. ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती, आणि मागे सरकली नाही.

"तरी जायचंय?" अण्णांनी विचारलं.

"यंत्र शिकायचंय. त्याचं गाव वेगळं, कारखाना वेगळा. मला काम शिकायचंय अण्णा."

"तिथं तो समोर आला तर?"

"नमस्कार करीन."

अण्णा उठले. कपाटातनं कारखान्याचा कागद काढला. टेबलाशी बसून सगळा वाचला, इंग्रजीतला, वरपासून खालपर्यंत, एका जागी पेन्सिलीनं स्वल्पविरामसुद्धा घातला. आम्ही उभेच. मग पेनाचं टोपण काढून त्यांनी सही केली, तारीख घातली, शाईवर फुंकर मारली. पत्र उचलून बहिणीपुढे धरलं, तिच्याकडे न बघता.

"ज्याचं टपाल त्याला. मी फोडायला नको होतं."

तिनं दोन्ही कागद घेतले. वाकून त्यांना नमस्कार केला आणि न्हाणीघरात गेली. कडी लागली. नळ सुरू झाला, पूर्ण सोडलेला, खाली बादलीसुद्धा न ठेवलेला. आम्ही सगळे तो आवाज ऐकत बसलो. दोन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली.

आई कासावीस झाली. "अहो, टाकी रिकामी होईल. आज पाण्याचा दिवस नाही. मी सांगते तिला..."

अण्णांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. माझ्या देखत त्यांनी आईचा हात धरलेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

"वाहू दे," ते म्हणाले. "मी आणतो बोअरिंगवरनं."